फातोर्ड्याचा पराभव आणि आरोपीच्या पिंजऱ्यातील प्रशिक्षक

फुटबॉलच्या एका सामन्याविषयी या मासिकात लिहावे की नाही, याचा मी काही दिवस विचार करीत होतो. देवस्थाने, उत्सव, कीर्तन, नाटक आणि आपल्या दोन्ही भाषांचे साहित्य यांविषयी वाचावयाची सवय असलेल्या वाचकांपुढे चेंडूची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु फुटबॉल हा आपल्या उंबरठ्याबाहेरचा खेळ आहे असे निदान गोमंतकीय हिंदूंना तरी म्हणता यावयाचे नाही. साळगांवकरांनी १९५६ साली आपला संघ उभा केला, पुढे धेंप्यांनी केला. ब्रह्मानंद संखवाळकर गोलरक्षक म्हणून देशाकडून खेळले, भारताचे कर्णधार झाले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिवाय मला मुख्यतः लिहावयाचे आहे ते पराभवानंतर आपण जो निवाडा करतो त्याविषयी, आणि निवाडे हा माझ्या धंद्याचाच विषय आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ चा मंगळवार. दिवाळी आठवड्यावर आली होती. सुरतेत अठवा लाइन्सला, कोर्टापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरी आम्ही आठदहा मंडळी भजनासाठी जमलो होतो. बहुतेक मडगांव, फोंडा, कारवार, सावंतवाडी या बाजूंची. कोणी हजिऱ्याच्या कारखान्यांत नोकरीला, कोणी कापडाच्या धंद्यात, कोणी निवृत्त. भजन त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर आटोपले आणि आरतीही किंचित घाईने झाली, हे येथे कबूल करून टाकतो. कारण फातोर्ड्याच्या मैदानावर भारत आणि सिंगापूर यांचा सामना होता, आणि २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरण्याची आपली उरलीसुरली आशा त्या एका सामन्यावर टांगलेली होती.

चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल केला तेव्हा घरात जो जल्लोष झाला, त्याने शेजारचे गुजराती कुटुंब गॅलरीत आले. मध्यंतरास एक मिनिट उरले असता सिंगापूरने बरोबरी साधली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्याच सिंगापुरी खेळाडूने दुसरा गोल केला. २-१. भारत स्पर्धेबाहेर गेला. २०१९ आणि २०२३ या लागोपाठच्या दोन आशियाई चषकांत खेळलेला देश क्रमवारीत आपल्याहून खाली असलेल्या संघाकडून, आपल्याच मैदानावर हरून बाहेर पडला.

चहा येईपर्यंत खटला उभा राहिला होता. आरोपी एकच: प्रशिक्षक खालिद जमील. हजिऱ्यात नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, "पहिला गोल झाल्यावर संघ मागे मागे सरकला. हे शिकवणारा माणूस तोच ना?" कारवारकडचे एक गृहस्थ म्हणाले की देशी प्रशिक्षक नेमला तेथेच चुकले. त्यावर दुसरे उसळले, की परदेशी दोघे नेमून पाहिले, त्यांनी कोणते दिवे लावले? मडगांवचे निवृत्त काका बराच वेळ गप्प होते. ते हळूच म्हणाले, "चूक ताची न्हय रे," आणि माझ्याकडे वळून, "वकीलसाहेब, तुम्हीच सांगा, या पोरांना."

मी त्या रात्री काही सांगितले नाही. सांगण्यासारखे मजजवळ काही नव्हते. नंतर जो विचार झाला तो येथे मांडीत आहे.

प्रथम कागदपत्र पाहू. जून २०२४ ते ऑक्टोबर २०२५ या सोळा महिन्यांत भारतीय संघाने तीन प्रशिक्षक पाहिले. क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच २०१९ पासून होते. त्यांच्या कारकिर्दीत भारताने दोनदा सॅफ स्पर्धा जिंकली आणि जुलै २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीत ९९ वे स्थान मिळविले. त्याच ऑक्टोबरात महासंघाने त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवून दिला आणि आठ महिन्यांनी, १७ जून २०२४ रोजी, त्यांना काढून टाकले. मध्ये घडले ते असे: जानेवारीत आशियाई चषकाचे तिन्ही सामने एकही गोल न करता हरले, मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून पराभव झाला, आणि ११ जूनला दोह्यात कतारविरुद्ध भारत पुढे असताना चेंडू रेषेबाहेर गेलेला सर्वांना दिसला, पंचांना मात्र दिसला नाही, आणि तो गोल धरला गेला. ती शिट्टी वाजली असती तर कदाचित स्टिमॅच पुढल्या फेरीचे शिल्पकार म्हणून गाजले असते. अफगाणिस्तानच्या पराभवाबद्दल त्यांना जाब विचारणे योग्यच होते. पण तो जाब पंचांच्या डोळ्यांवर अवलंबून कसा राहतो, हे मला कळत नाही.

त्यांच्यामागून आले स्पेनचे मानोलो मार्केझ, आणि त्यांचे प्रकरण मला सर्वांत बोधक वाटते. न्यायालयात आपल्याला असा पुरावा क्वचित मिळतो. २०२४-२५ च्या एका हंगामात हा एकच माणूस दोन संघांचा प्रशिक्षक होता: एफ.सी. गोवा आणि भारत. गोव्याचा संघ इंडियन सुपर लीगमध्ये साखळीत दुसरा आला आणि ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून त्याने सुपर कप जिंकला. भारताचा संघ त्याच माणसाच्या हाताखाली आठ सामने खेळला. जिंकला एक, बरोबरीत सोडविले चार, हरला तीन. जिंकलेला एकमेव सामना मालदीवविरुद्धचा. शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगमध्ये १० जूनला भरपाईच्या वेळातील पेनल्टीवर ०-१ असा पराभव. जुलैत क्रमवारी १३३ वर घसरली आणि महासंघ व मार्केझ परस्परसंमतीने विभक्त झाले.

आता विचार करा. माणूस तोच, पद्धत तीच, भाषाही तीच. पणजी-मडगांवात त्याला डोक्यावर घेतले जात होते आणि शिलाँग-हाँगकाँगहून परतताच त्याला फाडून खाल्ले जात होते. फाडून खाणारे कोण आणि डोक्यावर घेणारे कोण, ही वाटणीही पाहण्यासारखी होती. आम्ही गोव्याशी नाते सांगणारे लोक मार्केझ यांची कैवारी वकिली करीत होतो: खेळाडू नाहीत तर बिचारा करील काय? हीच सबब स्टिमॅच सांगत होते तेव्हा आम्हीच त्यांना निमित्ते सांगणारा बडबड्या ठरविले होते. मी स्वतः ठरविले होते. सुपर कप जिंकून देणाऱ्याच्या पदरी आम्ही संशयाचा फायदा घातला, आणि ज्याने आम्हाला काही जिंकून दिले नव्हते त्याला तो नाकारला. पक्षकाराचे तोंड पाहून पुरावा तोलणाऱ्या न्यायाधीशाला आम्ही वकीलमंडळी बार रूममध्ये काय म्हणतो, ते येथे लिहिता येत नाही.

याच फातोर्ड्यावर, सिंगापूरच्या सामन्यानंतर बरोबर आठ दिवसांनी, २२ ऑक्टोबरला मार्केझ यांचा एफ.सी. गोवा सौदी अरेबियाच्या अल नासरशी खेळला. निकाल तोच: १-२. त्या रात्री मात्र कोणी खटला भरला नाही. उलट, ब्रायसन फर्नांडिसच्या गोलाची वाखाणणी दुसऱ्या दिवशी सुरतेपर्यंत ऐकू आली. प्रतिस्पर्धी फार बलाढ्य होता, हे खरे, आणि त्यामुळे तो फरक बराचसा न्याय्यही आहे. म्हणजे आपण सारे जाणतो की प्रशिक्षकाला त्याच्यापुढे काय होते आणि त्याच्याजवळ काय होते यावरून मोजावयाचे असते. फक्त हे ज्ञान आपल्याला सोयीस्कर वेळीच आठवते.

त्याच्याजवळ काय होते? या प्रश्नाचे उत्तर गोल कोण करतो यात आहे. सुपर कपच्या त्या अंतिम सामन्यातील तिन्ही गोल परदेशी खेळाडूंनी केले होते. यात गोव्याचा विशेष दोष नाही. २०१४ साली सुपर लीग सुरू झाली तेव्हा मैदानात एका संघाचे सहा परदेशी खेळाडू उतरत. पुढे पाच झाले, २०२१ पासून चार. हे चार कोठे खेळवावे, हे प्रत्येक क्लब ठरवितो, आणि बहुतेक क्लबांचे उत्तर एकच असते: गोल करण्याच्या जागी आणि गोल अडविण्याच्या जागी. क्लबच्या दृष्टीने यात शहाणपणच आहे. परंतु वर्षानुवर्षे असे झाल्यावर देशाला जेव्हा स्वतःचा आघाडीचा खेळाडू हवा असतो तेव्हा कोठार उघडून पाहावे तो त्यात उंदीर. मार्केझ यांना मार्च २०२५ मध्ये सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावे लागले. छेत्री तेव्हा चाळीस वर्षांचा होता, आणि मालदीवविरुद्ध त्याने गोल केलाही. चाळिशीच्या माणसाला विश्रांतीतून उठवावे लागणे हे प्रशिक्षकाच्या बुद्धीवरचे भाष्य की कोठारावरचे, हे वाचकांनीच ठरवावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, वकीलसाहेबांनी आरोपीला सोडवून घरी पाठविले. तसे नाही. मडगांवच्या काकांच्या "चूक ताची न्हय" या निवाड्याशीही मी सहमत होऊ शकत नाही. प्रशिक्षकाने काही फरकच पडत नाही असे मानले तर सैयद अब्दुल रहीम यांचे काय करावयाचे? हैदराबादच्या या शाळामास्तराने १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदके भारताला मिळवून दिली; १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आला. आजारी शरीराने ते १९६२ ला जाकार्त्याला गेले आणि पुढच्या वर्षी वारले. त्या जाकार्त्याच्या संघात कोलवाळचा फोर्तुनातो फ्रांको होता. रहीम यांच्यानंतर आशियाई सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळाले नाही. हा केवळ काकतालीय न्याय म्हणून कोणी झटकून टाकील, पण मला तसे झटकता येत नाही.

आणि खुद्द जमील यांचेच उदाहरण घ्या. २०१६ साली साळगांवकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी महासंघाच्या नव्या योजनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून अंग काढून घेतले. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला धेंपो त्यांत होता. जागा रिकाम्या झाल्या, म्हणून खालच्या श्रेणीत घसरलेल्या मिझोरामच्या आयझॉलला पुन्हा आत घेण्यात आले; आणि पुढच्याच हंगामात, २०१७ साली, खालिद जमील यांनी त्या बेताच्या पैशाच्या संघाला देशाचे विजेतेपद मिळवून दिले. गोव्याने सोडलेल्या पाटावर येऊन बसलेला आयझॉल, त्याला जेवू घालणारे जमील, आणि आठ वर्षांनी त्याच गोव्याच्या मैदानावर त्यांचा हा पराभव. आयझॉलचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, फातोर्ड्याचा जाब त्यांना अजिबात विचारावयाचा नाही, असा दुटप्पी हिशेब चालणार नाही.

तेव्हा जाब विचारावयाचाच, पण कशाचा? कायद्यात या प्रश्नावर बराच विचार झालेला आहे. २००५ साली जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यांच्या हलगर्जीपणाविषयी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की रोगी दगावला एवढ्यावरून वैद्य दोषी ठरत नाही. त्या धंद्यातील साधारण कुशल माणसाने, त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर, जी काळजी घेतली असती ती त्याने घेतली की नाही, हे पाहावयाचे. फुटबॉलच्या चाहत्यांनी ही कसोटी वापरून पाहावी. हाँगकाँगमध्ये छेत्रीला सुरुवातीस बाहेर बसविणे हा मार्केझ यांचा निर्णय, त्यावर टीका करा. दोन संघांची धुरा एकाच वेळी स्वीकारणे हाही त्यांचाच निर्णय, त्यावर अधिक करा. सिंगापूरविरुद्ध एका गोलाची आघाडी मिळाल्यावर संघाला पुढे ढकलण्याऐवजी आहे ते राखू देणे, आणि मध्यंतरापूर्वीच्या शेवटच्या मिनिटांत सावधपणाची ताकीद न पोहोचणे, हे मी जमील यांच्या नावे मांडतो. त्यांच्याजवळ बदली खेळाडू होते, वेळही होता. परंतु बचावाचा आधारस्तंभ संदेश झिंगन आधीच्या सामन्यातील लाल पत्त्यामुळे बाहेर होता. जमील यांना ऑगस्टात नेमून दोन-अडीच महिन्यांत परीक्षेला बसविले होते. काही क्लबांनी सरावाच्या स्पर्धेसाठी खेळाडू सोडले नव्हते. आणि एरवी सप्टेंबरात सुरू होणारी लीग त्या वर्षी व्यापारी हक्कांच्या करारावरून अडून राहिली होती, म्हणजे निम्मे खेळाडू स्पर्धेच्या सामन्यांवाचून मैदानात आले होते. ही कलमे कोणाच्या नावावर मांडावयाची?

नेदरलंड्सच्या बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ ते २००४ या काळातील तेथील लीगचा अभ्यास करून दाखविले आहे, की प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारतो हे खरे, परंतु तितक्याच वाईट अवस्थेत असून ज्यांनी प्रशिक्षक काढला नाही ते संघही तितकेच सुधारतात. म्हणजे तळाशी गेलेली वस्तू वर येतेच. तरी जगभर प्रशिक्षक काढले जातात. लेस्टरला २०१६ साली इंग्लंडचे विजेतेपद मिळवून देणारे रानिएरी नऊ महिन्यांत घरी गेले. कारण उघड आहे: अकरा खेळाडू काढता येत नाहीत, कार्यकारिणी स्वतःला काढीत नाही.

याची चीड मला एवढी का येते, ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका देवस्थानाच्या उत्सवसमितीवर होतो. ऐन उत्सवाच्या दिवशी महाप्रसाद कमी पडला. दोन पंगती उपाशी परतल्या, म्हाताऱ्या बायका उन्हात उभ्या राहिल्या, आणि गावात तोंड दाखवावयाची सोय उरली नाही. तीन दिवसांनी समितीची बैठक झाली. वीस वर्षे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यावर ठपका आला: त्याला अंदाज नाही, वय झाले, हात आखडता झाला. त्याला पुढल्या वर्षापासून न बोलावण्याचा ठराव एकमताने झाला, आणि त्याला द्यावयाचे पत्र मी लिहिले, कारण मी वकील. पत्र चांगले उतरले होते. पुढल्या महिन्यात हिशेबाच्या वह्या चाळताना मला समितीचाच ठराव सापडला: शिधा चारशे पानांचा आणावा. जेवावयास आले होते साडेसहाशेच्या वर. खाली सही करणाऱ्यांत माझीही सही होती. आचाऱ्याने त्या दिवशी, मला नंतर कळले, दोनदा निरोप पाठविला होता की तांदूळ वाढवा. तो निरोप मंडपाच्या सजावटीत कोठेतरी हरवला. मी ते पत्र मागे घेण्याची सूचना पुढल्या बैठकीत मांडली. विषय पुढे ढकलला गेला. पुढे आचारी वारला. सूचना इतिवृत्तात अजून प्रलंबित आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी असे आपण म्हणतो. त्या प्रसंगी आचारी अगदीच संन्यासी होता असे मी म्हणणार नाही. त्याने पहिल्या पंगतीला वाढताना हात आवरावयास हवा होता. पण ठपक्याची वाटणी व्हावयास हवी होती, आणि मोठा वाटा ज्यांचा त्यांनीच वाटणीचे काम हाती घेतले होते.

भारतीय फुटबॉल महासंघाची बैठकही मला अशीच दिसते. स्टिमॅच यांचा करार वाढविणारी, आठ महिन्यांत तो मोडणारी आणि मग भरपाई देऊन तडजोड करणारी संस्था एकच. मार्केझ यांना अर्धवेळ नेमणारीही तीच. ऑगस्ट २०२२ मध्ये याच संस्थेच्या कारभारामुळे फिफाने भारताला काही दिवस निलंबित केले होते, आणि तिची घटना सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये मार्गी लावावी लागली. गोव्याचे तीन क्लब २०१६ साली का निघून गेले, याची चौकशी तिने स्वतःशी केल्याचे माझ्या वाचनात नाही. आपल्या देवस्थानांच्या मजानियांत, कितीही भांडणे असोत, महाजनांना वर्षाचा जमाखर्च विचारण्याचा हक्क असतो, आणि भटाला काढले म्हणून जमाखर्च माफ होत नाही. फुटबॉलचे चाहते हे त्या खेळाचे महाजन आहेत असे मी मानतो. त्यांनी कोणती कलमे विचारावी, हे उघड आहे: अठरा वर्षांखालील मुलांचे किती सामने वर्षाला होतात, देशी आघाडीच्या खेळाडूला क्लबात किती मिनिटे मिळतात, राष्ट्रीय संघाच्या सरावाला किती दिवस राखून ठेवले आहेत, आणि प्रशिक्षक निवडताना कोणी कोणत्या कारणासाठी मत दिले. या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत प्रशिक्षकाला शिव्या घालण्यास हरकत नाही, पण त्या शिव्या नेमक्या त्याच्या निर्णयांना घालाव्या.

पुढे १८ नोव्हेंबरला ढाक्याला भारत बांगलादेशाकडून ०-१ असा हरला. बांगलादेशाने भारताला हरविले ते २००३ नंतर प्रथमच. त्याही दिवशी मंगळवार होता, भजन होते, आणि त्याच घरी आम्ही होतो. शेवटची शिट्टी वाजताच हजिऱ्याच्या तरुणाने तोंड उघडले. मी त्याला विचारले, "गोल झाला तेव्हा बचावाला कोण होते, आणि ती मंडळी यंदा क्लबाकडून किती सामने खेळली?" तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि शोधू लागला. काका म्हणाले, "तो शोधतो आहे तोवर आपण चहा घेऊ."